चहाच्या आधी, रिकाम्या पोटी

“थायरॉईडवाले डॉक्टर हेच का?”

हा प्रश्न मी इतकी वर्षं ऐकला, की आता निवृत्त होऊन घरी बसले तरी दाराची बेल वाजली की ‘हो, चपला बाहेर काढा’ असं तोंडात येतं. नारायण पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. शरीरातल्या ग्रंथींचे ते तज्ज्ञ. मी बाहेरच्या टेबलावर बसायचे. रिसेप्शनिस्ट म्हणा, नंबर लावणारी बाई म्हणा. डॉक्टर ‘वाघमारेबाई’ म्हणत, तरुण मुली ‘मावशी’ म्हणत, आणि ज्यांचा नंबर मागे गेला ते काय म्हणत ते इथे छापण्यासारखं नाही.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, “आजाराविषयी वाचकांच्या उपयोगाचं काहीतरी लिहा.” मी डॉक्टर नाही. माणसं आत सोडायची, एवढंच माझं काम. कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला थांबवायचं हे ठरवताना जे दिसलं, त्यातलं थोडं सांगता येईल. सगळं सांगण्याइतका जोर आता राहिलेला नाही. बिबवेवाडीहून रोज दोन बस बदलून यायचं, दिवसभर लोकांची तक्रार ऐकायची आणि संध्याकाळी घरी जाऊन परत घरच्यांची ऐकायची, यात माणसाचं बोलणं संपून जातं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गळ्याच्या पुढच्या बाजूला एक लहानशी ग्रंथी असते. ती कमी काम करायला लागली की सगळं शरीर मंदावतं. गॅस बारीक केला की कुकरची शिट्टी जशी लांबत जाते, तसं. वजन वाढतं, केस गळतात, मे महिन्यातही पंखा नको वाटतो, चेहरा सुजतो, काल काय जेवलो ते आठवत नाही. यावर रोज एक बारीकशी गोळी, सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा घ्यायचा नाही. बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं. ऐकायला सोपं आहे ना? मी नोकरीभर बघितलं, त्यातला गोळी घेण्याचा भाग लोकांना जमतो. चहाचा जमत नाही.

आमच्यापर्यंत सरळ चालत कुणी येत नसे. केस गळतात म्हणून बाई आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जाते. वजन वाढतं म्हणून जिम लावते आणि अंग दुखतं म्हणून सोडते. आवाज जड झाला म्हणून कान-नाक-घसा. पाळीची गडबड म्हणून बायकांचे डॉक्टर. उगाच रडू येतं म्हणून कुणी मानसोपचारवाल्यांकडे पाठवतं. हे सगळं होईपर्यंत घरातले ‘आळशी झालीस’ म्हणून मोकळे झालेले असतात. मग कुठल्यातरी फॅमिली डॉक्टरांना साधी रक्ततपासणी सुचते, रिपोर्टात एक आकडा ठळक छापून येतो आणि शेजारीण सांगते, “नारायण पेठेत एक आहेत. पण नंबर लागता लागत नाही हं.”

खरं म्हणजे यातल्या बऱ्याच जणींना आमच्या डॉक्टरांची गरजच नसायची. डॉक्टर तोंडावर सांगत, “ही गोळी तुमचे घरचे डॉक्टर देऊ शकतात. माझ्याकडे कशाला आलात?” पेशंट दुखावत. एवढं थांबून तज्ज्ञ गाठायचा आणि त्याने परत पाठवायचं म्हणजे काय! एक गृहस्थ बायकोला घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, “तुमचे डॉक्टर काही हुशार वाटत नाहीत. नवीन काहीच लिहून दिलं नाही.”

म्हणून फोनवर मीच चाळणी लावायचे. माझे प्रश्न दोन. रिपोर्टात टीएसएच, म्हणजे ग्रंथी मंदावली की चढतो तो आकडा, किती आलाय, आणि दिवस गेलेत का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकी काही ऐकायचं नाही. आजच्या आज या. पोटुशी बाई न तपासता जिना उतरून जायची नाही, हा दवाखान्याचा पहिला नियम होता. तो डॉक्टरांनी घातलेला.

दुसरा नियम माझा होता. नाव मोठ्याने घ्यायचं नाही. आमच्याकडे नंबराने बोलवायचे. नवीन माणसाला ते रेशनच्या दुकानासारखं वाटायचं. पण नारायण पेठेतल्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन बायकांना एकमेकींचं नातं काढायला वेळ लागत नाही. ‘म्हणजे तुम्ही अमक्यांच्या कोण?’ एवढं विचारलं की संपलं. आणि लग्नाच्या मुलीला थायरॉईड आहे हे बाहेर कळलं, तर तिच्या आईच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी बघितलंय. गोळी बारीक, आजार साधा, पण लपवायचा मात्र एखाद्या गुन्ह्यासारखा. फाईल साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणायची. मुलीला कॉलेजच्या नावाखाली आणायचं. ‘फोन माझ्याच नंबरवर करा हं, घरच्या नको.’

आणि नावाचं मला स्वतःलाही माहीत होतं. शाळेत आमच्या बाई फी माफ असलेल्या मुलींची नावं मोठ्याने वाचायच्या आणि उभं राहायला सांगायच्या. आम्ही उभ्या राहायचो. पुढच्या बाकावरच्या मुली वळून बघायच्या. त्या बघण्यात वाईट काही नव्हतं कदाचित, पण मला अजून त्याचा राग येतो. ज्याला आपलं काही सांगायचंय त्याने ते स्वतः सांगावं. दुसऱ्याने उभं करू नये.

आमच्याकडे येणारी बाई पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं बोलायची. “तसं काही नाही हो, नुसतं थकायला होतं.” हे वाक्य ऐकून ऐकून मलाही थकायला व्हायला लागलं. एकदा न राहवून मी स्वतःची तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, “अगदी नॉर्मल.” खोटं कशाला सांगू, मला थोडं वाईट वाटलं. एक गोळी घेतली की उतरेल असं काहीतरी असावं अशी आशा होती. “मग हे काय आहे?” मी विचारलं. “हे वय आहे आणि बिबवेवाडीची बस आहे,” डॉक्टर म्हणाले. “पुढचा पेशंट पाठवा.”

पेशंटांच्या चुका मात्र एकेक. चतुर्थीला उपास म्हणून गोळी घेत नाही, आणि साबुदाण्याची खिचडी मात्र खाते. तपासणीच्या आधी आठ दिवस गोळी बंद, का तर ‘खरा रिपोर्ट’ यावा म्हणून. रिपोर्ट चांगला आला की गोळी कायमची बंद, का तर बरं झालं म्हणून. एका आजोबांनी बायकोची गोळी अर्धी करून स्वतः घ्यायला सुरुवात केली होती. “ती तरतरीत दिसायला लागली, म्हटलं बघावं,” असं त्यांनी मला अगदी सहज सांगितलं.

या सगळ्यांत शिस्तीच्या पेशंट एकच. कर्वेनगरच्या लिमयेकाकू.

लिमयेकाकू माझ्याही आधीपासून तिथे येत होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळाला मोठं कुंकू. दुपारी एकची वेळ दिली की साडेअकरालाच येऊन बसायच्या. ज्येष्ठ मंडळींची ही सवयच असते. आधी जाऊन बसलेलं बरं, न जाणो कुणी मधेच घुसायचं. बाकावर बसून वाती वळायच्या आणि माझ्याशी गप्पा मारायच्या. मुलाच्या जन्मानंतर त्यांना हा त्रास सुरू झाला होता.

“आमच्या सासूबाईंनी अख्ख्या आळीत सांगितलं, आजारी मुलगी गळ्यात मारली म्हणून,” काकूंनी एकदा सांगितलं. “मग मी काय केलं, गोळी बंद झाली असं जाहीर केलं आणि तिला देवघरात नेलं.”

म्हणजे अक्षरशः नेलं होतं. पहाटे आंघोळ करून काकू देवघरापुढे बसत. खालच्या खणात कापूर-वातींच्या मागे गोळ्यांची बाटली. तांब्यातल्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची, मग सावकाश पूजा, दोन-तीन स्तोत्रं, आणि ते सगळं आटोपल्यावर चहा. पूजा झाल्याशिवाय लिमयेकाकू चहाला शिवत नाहीत, हा त्यांचा नेम सोसायटीत सगळ्यांना माहीत होता. लोक त्यांच्या श्रद्धेचं कौतुक करत. आमचे डॉक्टर त्यांच्या रिपोर्टाचं कौतुक करत. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती सोडली तर काही नाही, आणि तिच्या मागे काही ठेवायला जागाही नाही. त्यामुळे देवाचा असा उपयोग होतो हे मला काकूंकडूनच कळलं.

“आता सासूबाई नाहीत ना? मग काकांना सांगून टाका की,” मी म्हटलं.

“यांना? बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे. रोज सकाळी पेपरात वाचून मला थायरॉईडवर व्याख्यान देतील. त्यापेक्षा देव बरा. सगळं ऐकून घेतो आणि उलट बोलत नाही.”

दवाखान्यात येताना त्या घरी ‘पेठेत कापूर आणायला जाते’ असं सांगून निघायच्या. खोटं बोलायला नको म्हणून परत जाताना खरोखरच कापूर घेऊन जायच्या.

दुसरी पेशंट ऋजुता. कॉलेजात होती तेव्हापासून आमच्याकडे. बडबडी, हसरी, गोळी नीट घेणारी. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिची आई एकटीच येऊन गेली. “हिची फाईल इथेच राहू द्या, माहेरच्या नावाने. आणि कुणी विचारलं तर…”

“आम्ही कुणाला काही सांगत नाही,” मी म्हटलं. “पण तुम्ही मुलाकडच्यांना सांगितलंत ना?”

“सांगू हो. सवडीने.”

ही सवड कुणाला कधी मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

लग्नानंतर ऋजुता बराच काळ आलीच नाही. मग एके दिवशी तिचा फोन आला. “मावशी, मी प्रेग्नंट आहे. आणि माझा टीएसएच खूप जास्त आलाय. प्लीज, कधीची अपॉइंटमेंट मिळेल?”

“आत्ता निघ,” मी म्हटलं.

मी फाईल घेऊन आत उभी होते तेव्हा डॉक्टर तिला विचारत होते, “गोळी कधी घेतेस?”

“सर, अ‍ॅक्च्युअली… तिथे प्रायव्हसीच नाहीये. सकाळी मी उठते तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे, डायनिंग टेबलवर बसलेले असतात. आई, म्हणजे सासूबाई, पूजेशिवाय चहा घेत नाहीत. मग बाबांना चहाला कंपनी कोण देणार? मी. रोज. उठल्या उठल्या. मग गोळी राहते. कधी दुपारी जेवल्यावर आयर्नच्या गोळीबरोबर घेते. कधी नाहीच.”

“चहाला नाही म्हणता येत नाही?”

“का नाही, असं विचारतील ना! मग सगळंच सांगावं लागेल. माझ्या आईने लपवून लग्न लावलं असं होईल.”

डॉक्टर एरवी चिडतात. त्या दिवशी चिडले नाहीत, त्यामुळे मलाच भीती वाटली. ते सावकाश म्हणाले, “हे बघ. बाळाची स्वतःची ग्रंथी तयार व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत ते तुझ्यावर अवलंबून आहे. तुझ्यातच नसेल तर त्याला कुठून मिळणार? हे दिवस परत येत नाहीत. गर्भ टिकण्याचाही प्रश्न आहे.” ऋजुता रडायला लागली. डोस वाढवून दिला, चार आठवड्यांनी रिपोर्ट घेऊन यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर मी तिचा नवा पत्ता विचारला. रक्त घ्यायला माणूस घरी पाठवता येतो, म्हणून. “घरी नको!” ती जवळजवळ ओरडली. पण पत्ता सांगितला. कर्वेनगर, सोसायटीचं नाव, फ्लॅटचा नंबर. आडनाव लिमये.

माझं पेन थांबलं. “सासूबाई कशा आहेत गं?”

“चांगल्या आहेत. प्रेमळ आहेत. फक्त देवाचं फार आहे. आणि कापूर! मावशी, आमच्या घरात इतका कापूर आहे ना, काडी पडली तर अख्खी सोसायटी जाईल.”

मी मान खाली घालून पत्ता लिहीत राहिले. सासूची गोळी वेळेवर जावी म्हणून तो नेम होता, आणि त्या नेमापायी सुनेची गोळी राहत होती. दोघीही चांगल्या. दोघीही घाबरलेल्या. आणि मला दोघींचं माहीत असून एकीचं दुसरीला सांगता येत नव्हतं. मी त्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “पेशंटचं पेशंटने सांगायचं. आपण नाही.” हे मलाही मान्य होतं. पण बसमध्ये मला सारखं ते बाळ आठवत होतं, जे या दोघींच्या लपवालपवीत मधल्यामधे उपाशी राहत होतं.

चार आठवड्यांनी ऋजुताची वेळ आली तेव्हा डॉक्टर आठवडाभर परगावी होते, म्हणून सगळे पेशंट एका शनिवारी ढकलावे लागले. त्यात लिमयेकाकूही होत्या. मी सुनेला अकराची वेळ दिली आणि सासूला दीडची. मधे भरपूर वेळ ठेवला होता. पण डॉक्टरांना हॉस्पिटलमधून बोलावणं आलं, ते बाराला उगवले, आणि ऋजुता अजून बाकावरच होती. तिच्या हातातला रिपोर्ट मी बघितला होता. आकडा खाली आला नव्हता. थोडा चढलाच होता.

आमच्या बाकावरून गॅलरीतून जिना दिसतो. एकदम ऋजुता ताडकन उठली. “आई!” असं काहीतरी पुटपुटली आणि रक्त घ्यायची जी छोटी खोली आहे तिथे पडद्याआड गेली. मी वळून बघितलं. लिमयेकाकू कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. वेळ दीडची, म्हणजे बाराला येऊन बसणं त्यांच्या हिशेबाने अगदी वेळेवर.

त्या आल्या, माझ्याकडे बघून हसल्या, बाकावर बसल्या, कापूस काढला. मी पडद्याआड गेले. ऋजुता फ्रिजला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक.

“त्यांना कुणी सांगितलं? तुम्ही फोन केलात, मावशी?”

“नाही.”

“मग त्या माझ्या मागे आल्या. त्यांना डाऊट आला असणार. मला पकडायला आल्यात.” ती हळू आवाजात पण भराभर बोलत होती. “मी जाते. मागून दार आहे का? मी पुढच्या महिन्यात येते. प्रॉमिस.”

मागून दार नव्हतं. आणि पुढचा महिना चालणार नव्हता. हे तिलाही माहीत होतं.

खरं तर मार्ग सोपा होता. काकूंना आधी आत पाठवायचं, त्या तपासून खाली गेल्या की हिला बाहेर काढायचं. अशी झाकाझाक मी जन्मभर केली होती. सासूला कळू नये म्हणून, नणंदेला कळू नये म्हणून, व्याह्यांना कळू नये म्हणून. ती मला उत्तम जमायची. पण मग ही मुलगी घरी जाणार, सकाळी उठणार आणि सासऱ्यांसमोर चहाचा कप घेऊन बसणार. पुढच्या महिन्यात आकडा आणखी चढणार.  मी तिथल्या स्टुलावर बसले. रक्त देणाऱ्या पेशंटसाठी ठेवलेलं स्टूल ते.

“ऋजुता,” मी म्हटलं, “या दवाखान्यात मी किती वर्षं आहे तुला माहीत नाही. इथे कुणी कुणाला पकडायला येत नाही. इथे पेशंट येतात.”

तिने माझ्याकडे बघितलं.  याहून जास्त मला सांगायचं नव्हतं. पडद्याच्या फटीतून काकू दिसत होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी आमच्या दवाखान्याची निळी फाईल. तशीच फाईल ऋजुताच्या हातात होती. तिने एकदा त्या फाईलकडे बघितलं, एकदा आपल्या हातातल्या.

मग तिने पडदा सारला आणि बाहेर गेली.

काकूंनी वर बघितलं. हातातला कापूस खाली पडला. आधी त्यांनी पिशवीवर पदर ओढला, मग त्या म्हणाल्या, “मी… मी कापूर आणायला आले होते.”

“दुसऱ्या मजल्यावर?” ऋजुता म्हणाली.

 बाकीच्या बायका रिपोर्टात तोंड खुपसून बसल्या होत्या, पण कान सगळ्यांचे इकडेच. काकूंचे डोळे भरून आले होते. त्यांनाही वाटलं होतं, सून आपल्या मागावर आली. ऋजुता त्यांच्याशेजारी बसली आणि आपली फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली.

काकूंनी ती उघडली. चष्मा शोधला, लावला, पान वाचलं. “कधीपासून?”

“कॉलेजपासून. तुम्ही?”

“तुझ्या नवऱ्याच्या जन्मापासून.” मग एकदम त्यांचा आवाज बदलला. “आणि गोळी? सकाळी घेतेस कधी? तू तर यांच्याबरोबर चहा…”

“घेतच नाही, आई.”

 काकूंनी रिपोर्टातल्या त्या ठळक आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. इतक्या वर्षांच्या पेशंट, त्यांना तो आकडा मला किंवा डॉक्टरांना समजावून सांगावा लागणार नव्हता. “माझ्यामुळे,” त्या म्हणाल्या. “अगं, माझ्या त्या पूजेमुळे.” आणि त्या सुनेचा हात घट्ट धरून बसल्या. वाती जमिनीवर पसरल्या होत्या. त्या मीच गोळा केल्या.

मी नंबर पुकारला. दोघी उठल्या. आत डॉक्टरांनी विचारलं, “यातलं पेशंट कोण आणि सोबत कोण?” “दोघी पेशंट,” मी म्हटलं. डॉक्टरांनी आधी त्या दोघींकडे आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी म्हणाले, “वाघमारेबाई, नियम मोडलात.” मी म्हटलं, “अर्धा.” ते म्हणाले, “बरं. उद्या रविवार आहे. झोपा.”

पुढचा रिपोर्ट चांगला आला. त्याच्या पुढचा आणखी चांगला. काकूंनी घरात जाहीर केलं होतं, की सुनेनेही पोटातल्या बाळासाठी नेम धरलाय, पूजा झाल्याशिवाय चहा नाही. ऋजुता सकाळी उठून देवघरापुढे बसायची. “मी काही म्हणत-बिणत नाही मावशी, ऑफिसच्या मेल बघते. आई स्तोत्रं थोडी सावकाश म्हणतात, अर्धा तास व्हावा म्हणून.” खालच्या खणात कापराच्या मागे आता दोन बाटल्या होत्या. आणि लिमयेकाका, बँकेतून निवृत्त झालेला तो माणूस, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा चहा स्वतः करायला शिकला.

मुलगी झाली. जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉईड तपासतात, तो रिपोर्ट दाखवायला दोघी मुद्दाम आल्या. डॉक्टर म्हणाले, “छान. हिला माझी गरज नाही. जा.” त्यांच्या तोंडून एवढं प्रेमळ वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. माझे डोळे भरून आले. तेव्हा माझे नोकरीचे शेवटचेच दिवस राहिले होते, आणि इतक्या थकलेल्या बायका बघितल्यावर ते गुबगुबीत, लाथा झाडणारं पोर टेबलावर ठेवलेलं बघून मला फार बरं वाटलं.

“आता तरी सांगितलंत ना घरी?” मी काकूंना विचारलं.

काकूंनी इकडेतिकडे बघितलं. बाकावर नेहमीसारख्या बायका होत्या, पिशव्या पोटाशी धरून. “तुम्ही पण ना, वाघमारेबाई,” त्या हळूच म्हणाल्या. “हे सोसायटीत सगळ्यांना कौतुकाने सांगतात, आजकालची मुलगी असून आमची सून अगदी सासूच्या वळणावर गेली.”

“मग तुम्ही काय म्हणता?”

काकूंनी नातीचं टोपडं सारखं केलं. “मी म्हणते, गेली खरी.”